स्केलगार्थला स्केलगार्थच हवा

इंग्लंडच्या उत्तरेला, हार्टरडेलच्या खोऱ्यात माणसाला त्याच्या शेताच्या नावाने ओळखतात. आयझॅक टॉपिंग हा मतदारयादीत टॉपिंग, बाकी सगळीकडे बर्कहाऊ, कारण तो बर्कहाऊच्या शेतावर राहतो. "बर्कहाऊला खोकला झालाय," "बर्कहाऊ रविवारी चर्चमध्ये घोरत होता," असं आम्ही बोलतो. मी खोऱ्याची नर्स म्हणून इथे आले, त्या पहिल्या हिवाळ्यात मला निरोप आला की बर्कहाऊची कंबर धरलीय. मी जाऊन घराचं छप्पर बघत उभी राहिले होते. आता त्या गोष्टीला तीस वर्षं झाली, तरी आयझॅक ती दर नाताळात सांगतो.

आपल्याकडे माणूस गाव सोडून गेला की त्याला 'कर' लागतं. इथे उलटं आहे. जागेवर असाल तोवर जागेचं नाव. शेत सोडलं की पुन्हा टॉपिंग.

विनिफ्रेड स्केलगार्थ ही एकटीच बाई अशी, की जिचं आडनाव आणि शेत एकच होतं. खोऱ्याच्या टोकाला जिथे डांबरी रस्ता संपतो तिथे स्केलगार्थ. दगडी घर, कोठार, गडग्यांनी बांधलेली चार वावरं आणि मागे उघडा डोंगर. मी त्यांना पहिल्यापासून विनीबाई म्हणत आले. "म्हणजे काय गं?" त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, मान देऊन हाक मारायची आमची पद्धत. "मग असू दे," त्या म्हणाल्या, "इथे कोण देतंय."

स्केल म्हणजे जुन्या भाषेत उन्हाळ्यात गुरं राखणाऱ्याची झोपडी आणि गार्थ म्हणजे तिच्याभोवतीचं कुंपण. हे त्यांना शाळेत मास्तरांनी सांगितलं होतं आणि त्यांनी ते जन्मभर गोंजारलं. "जगात कुठेही स्केलगार्थ भेटला," त्या म्हणायच्या, "तर समजायचं, त्याच्या पणजोबाने माझ्या अंगणाचं फाटक लावलंय." त्यांनी लग्न केलं नाही. भाऊ लहानपणीच गेला. वडिलांनी जाताना विनीबाईंचा हात धरून वचन घेतलं, की स्केलगार्थला स्केलगार्थच राहिला पाहिजे. विनीबाई हो म्हणाल्या. त्यांचं हो म्हणजे खिळा ठोकल्यासारखं. उपटायचा तर लाकूड फाटणार.

मी सांगतेय ती गोष्ट त्यांच्या ऐंशीव्या वर्षातली. फेब्रुवारीत अंगणातल्या बर्फावर पाय सटकून त्यांचा खुबा मोडला. केंडलच्या डॉक्टरांनी तो नीट बसवला, पण बजावलं की आता डोंगर बंद. घरी परतताना त्या गाडीच्या खिडकीतून डोंगरावरच्या मेंढ्या मोजत आल्या. फाटक आलं तेव्हा म्हणाल्या, "पोरी, आता वारस शोधायलाच हवा. या वर्षीच. नोव्हेंबरातल्या धनगरमेळ्याच्या आत."

घाई कशाची, ते खोऱ्यात कोणाला सांगावं लागत नाही. आमच्या डोंगरावर कुंपण नाही. बर्कहाऊची मेंढरं, स्केलगार्थची मेंढरं, पलीकडच्या खोऱ्यातली मेंढरं, सगळी एकाच उघड्या डोंगरावर, पण जो तो कळप आपापल्या कुशीत चरतो. कोकरू आईच्या मागे फिरून शिकतं, की आपलं कुठवर आणि परकं कुठून. ते मोठं झालं की आपल्या कोकराला शिकवतं. याला इथे हेफ्ट म्हणतात. कळप विकला तर मेंढ्या जातील, लोकर जाईल, पण ही शिकवण दुसऱ्या कळपाला देता येत नाही. लाळ्या-खुरकताची साथ आली त्या वर्षी शेजारच्या खोऱ्यातले कळप सरकारने मारले. मग तिथल्या लोकांनी बाहेरून मेंढ्या आणून डोंगरावर सोडल्या. दोन दिवसांत त्या पोस्टाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तिथे आजही सुनं आहे. स्केलगार्थचा कळप त्या घरापेक्षाही जुना. विनीबाई गेल्या आणि मागे कोणी नसलं, तर तो बाजारात उभा राहणार आणि डोंगराची ती कूस कायमची मुकी होणार. हा घोर त्यांना लागला होता.

घरात तशी नोरीन होती. नोरीन कीगन, वर्किंग्टनच्या कोळसा खाणीतल्या माणसाची मुलगी. नवऱ्याला सोडून एका बॅगेनिशी आली होती. विनीबाईंनी तिला कोकरांच्या हंगामापुरती ठेवली आणि ती पंधरा वर्षं राहिली. माणसांशी फटकळ, कुत्र्यांशी मऊ. खुबा मोडल्यापासून सगळा कळप तीच बघत होती. पण तिला खोऱ्यात कोणी शेताच्या नावाने हाक मारत नसे. ती 'विनीची नोरीन'. नोकरमाणसाला शेताचं नाव लागत नाही.

तर आमचा शोध सुरू झाला. संध्याकाळी माझं काम संपलं की मी स्केलगार्थच्या स्वयंपाकघरात फोन घेऊन बसायची, विनीबाई शेजारी बसून मला ढोसायच्या आणि नोरीन चुलीपाशी कुत्र्यांचं खाणं ढवळत असायची. या आडनावाची माणसं शोधायला लागल्यावर कळलं, की ती सगळ्या जगात मिळून एका एसटीत मावतील आणि कंडक्टरला आडवं व्हायला बाकही उरेल. खोऱ्यातली लोखंडाची खाण बंद पडली तेव्हा विनीबाईंच्या पणजोबांचे दोन पुतणे, सख्खे भाऊ, इथून निघाले. एक बॅरोच्या गोदीत कामाला लागला, दुसरा कॅनडात फुकट जमीन मिळते म्हणून बोटीत बसला. त्यांचीच वंशावळ. एखादा दाणा वाऱ्याने उडून टास्मानियात पडलेला.

बॅरोचा स्केलगार्थ गोदीतून निवृत्त झालेला वेल्डर होता. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मेंढ्या?" तो म्हणाला. "बाई, मला लोकरीचा मोजासुद्धा सोसत नाही. अंगभर पुरळ उठतं."

"त्याला विचार, मुलगा आहे का," विनीबाईंनी मला कोपर मारलं.

"मुलगा आहे, पण तो लंडनमध्ये केस कापतो."

"मग मेंढ्या कातरायला त्याला काय जड जाणार?" विनीबाई फोनच्या दिशेने ओरडल्या. तिकडून हसण्याचा आवाज आला आणि मग फोन ठेवल्याचा.

डरहॅमला एक दातांचे डॉक्टर होते. त्यांना वाटलं, ही फसवणूक आहे. "शेत फुकट देताय? मग माझा बँकेचा नंबर कधी विचारणार?" असं म्हणून त्यांनी फोन आपटला. टास्मानियाच्या बाईंना पत्र पाठवलं. त्यांचं उत्तर आलं की स्केलगार्थ हे नवऱ्याचं आडनाव, नवरा वारला, आणि खरं सांगायचं तर ते आडनाव मला कधीच आवडलं नव्हतं. विनीबाईंनी ते पत्र चुलीत घातलं आणि म्हणाल्या, "पुढचा."

पुढचा मर्व्हिन. कॅनडात सस्कॅचवानला गहू पिकवणारा, पन्नाशीचा, मुलं मोठी झालेली. तो फोनवर "विनीआत्या" म्हणाला आणि विनीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ऑगस्टच्या शेवटी तो खरंच आला. दारात वाकून आत यावं लागेल एवढा उंच, हसरा, कष्टाळू. पहाटे उठायचा, गडग्याचे पडलेले दगड लावायचा. रविवारी आम्ही चर्चमध्ये एका बाकावर बसलो. मी तिथे विनीबाईंच्या सोबतीला जाते, माझ्या देवाची त्याला हरकत नसते. त्या दिवशी विनीबाईंनी प्रार्थना जरा मोठ्यानेच म्हटली. आभार मानत होत्या.

नोरीनने त्याला डोंगरावर नेलं. संध्याकाळी मी विचारलं, "कसा आहे?"

"माणूस सोन्यासारखा," ती म्हणाली. "पण चालताना सारखा मागे वळून बघतो, रस्ता दिसतोय का म्हणून."

तीन आठवड्यांनी मर्व्हिनने चहाचा कप बाजूला ठेवला आणि दोन्ही हात टेबलावर पसरले. "आत्या, मी सपाटीचा माणूस आहे. सकाळी उठून बघतो तर पुढे डोंगर, मागे डोंगर. मला वाटतं कोणीतरी माझ्यावर दार लोटून घेतलंय. मी प्रयत्न केला. देवाशपथ केला."

"सवय होईल," विनीबाई म्हणाल्या.

"मला नाही होणार. आणि मी अर्ध्या मनाने राहिलो, तर तुमच्या मेंढ्यांना ते तुमच्याआधी कळेल."

त्याला स्टेशनवर सोडायला नोरीनच गेली. विनीबाई खिडकीतून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "ऑस्ट्रेलियात अजून कोणी असेल. शोध."

नोव्हेंबरात धनगरमेळा भरला. वर्षभरात चुकून दुसऱ्याच्या कळपात गेलेली मेंढी त्या दिवशी खुणा बघून ज्याची त्याला परत करायची, ही रीत. बाहेर थंडीत हे काम आटपलं की सगळे खाणावळीत शिरतात आणि मटण-बटाट्याची हंडी येते, सोबत लाल कोबीचं लोणचं. विनीबाई काठी टेकत आल्या होत्या. आयझॅक, म्हणजे बर्कहाऊ, समोरच बसला. दोघं शाळेत एका बाकावर होते, तेव्हापासून भांडत आले.

"कॅनडावाला पळाला म्हणे," आयझॅक म्हणाला.

"पळाला नाही. गेला. सपाटीचा होता."

"मग आता काय, ऑस्ट्रेलियातून कांगारू आणणार? उडी मारून गडगे तरी ओलांडेल."

टेबलावर हशा पिकला. विनीबाईंनी लोणचं वाढून घेतलं. "तू हस बर्कहाऊ. तुझा डोळा माझ्या खालच्या वावरावर आहे, हे तुझ्या ताटातल्या मटणालासुद्धा ठाऊक आहे."

"आहेच की. लपवतोय कुठे? रोख देईन. विन, शहाणी हो. कळप वसंतात बाजारात ने, चांगला भाव आहे. तुझ्या मागे कोण आहे?"

"स्केलगार्थला स्केलगार्थच हवा. मी वडिलांना शब्द दिलाय."

आता आयझॅकच्या पोटात दोन-तीन ग्लास गेले होते, आणि 'वडिलांना शब्द' हे तो चाळीस वर्षं ऐकत होता. त्याने चमचा खाली ठेवला.

"मग पहिली तूच बाहेर निघ," तो म्हणाला. "तू तरी कुठली स्केलगार्थ?"

आजूबाजूच्यांनी माना वळवल्या. नोरीन दाराशी कुत्र्यांना धरून उभी होती, तिनेही मान वळवली.

"नीट बोल," विनीबाई म्हणाल्या.

"नीटच बोलतोय. तुझा आजोबा टॉम. त्याला स्केलगार्थच्या म्हाताऱ्या जोनाथनने अल्व्हर्स्टनच्या गडीबाजारातून आणला. लिव्हरपूलच्या अनाथालयातलं पोर. माझी आजी त्याच गाडीतून परत आली होती. आडनाव विचारलं तर तो रडायला लागला, म्हणून परत कोणी विचारलं नाही. स्केलगार्थवर राहतो म्हणून स्केलगार्थचा टॉम. लग्नाच्या वेळी पाद्र्याने लोक म्हणत होते तेच लिहिलं. झालं." आणि मग जरा ओशाळून तो म्हणाला, "म्हातारी माणसं ही गोष्ट बोलत नसत. मीही बोललो नसतो."

मला वाटलं, आता या बाईला घरी कशी न्यायची. त्यांनी हातातला काटा ताटाच्या कडेला ठेवला.

"तुझ्या आजीने आणखी काही सांगितलं होतं?"

"एवढंच."

"मग जेव. मटण गार होतंय." आणि स्वतः ताट पूर्ण संपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला चर्चच्या आवारात न्यायला सांगितलं. दव गोठून गवत पांढरं झालं होतं. जोनाथन आणि एस्थर स्केलगार्थ यांचा दगड कोपऱ्यात, शेजारी विनीबाईंच्या आजोबांचा, टॉमचा. दर ईस्टरला विनीबाई दोन्हींवर फुलं ठेवायच्या, पणजोबा-पणजीला आणि आजोबाला. त्या काठीवर रेलून दोन्ही दगडांवरची सालं वाचत राहिल्या. मीही वाचली. टॉम जन्मला त्या वर्षी एस्थर एकसष्ट वर्षांची होती.

"सत्तर वर्षं मी इथे फुलं ठेवतेय," विनीबाई म्हणाल्या, "आणि वजाबाकी कधी केली नाही."

"कोणीच केली नाही," मी म्हटलं. "सगळं खोरं या दगडांवरून चर्चमध्ये जातं."

"बायबलातली सारा नव्वदीत बाळंत झाली. पण ती हार्टरडेलमध्ये राहत नव्हती." त्या हसल्या, पण काठी दोन्ही हातांनी धरली. मी त्यांच्या कोपराला धरलं. त्यांनी मला झटकलं नाही. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, हिला आता पडू देऊ नकोस, ना पायाने, ना मनाने.

कावळे ओरडत होते. मग त्यांनी काठी दगडावर आपटली.

"म्हणजे खरा स्केलगार्थ तो मर्व्हिन. पणजोबापासून अस्सल. आणि त्याला इथे श्वास घेता येईना. आणि लिव्हरपूलचं ते पोर, ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, त्याने इथे पन्नास हिवाळे काढले. मला सांग, मग त्या जोनाथनचा खापरपणजोबा कोण होता? कुठून तरी आलाच असेल की. आधी झोपडी होती. मग कुंपण. माणूस नंतर आला आणि लोकांनी त्याला हाक मारली."

"मग वडिलांना दिलेल्या शब्दाचं काय?"

"शब्द आहे तसाच आहे. स्केलगार्थला स्केलगार्थच हवा. फक्त मी तो फोनवर शोधत होते." त्या वळल्या. "चल लवकर. नोरीन वैरण टाकून आली असेल."

नोरीन आली होती. तिने बूटही काढले नव्हते. टेबलापाशी उभी होती आणि आम्ही आत शिरताच म्हणाली, "बरं झालं दोघी आहात. मला सांगायचंच होतं. यॉर्कशरला एका शेतावर काम मिळालंय. राहायला स्वतंत्र खोल्या आहेत. जानेवारीपासून."

विनीबाई खुर्चीत बसता बसता थांबल्या. "हो म्हणालीस?"

"जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे नाही."

"विनी, मी पंधरा वर्षं इथे आहे." नोरीन मालकिणीला नावानेच हाक मारायची, आणि चिडली की ते नाव दगडासारखं यायचं. "कोकरं माझ्या हातात जन्मली, माझ्या हातात मेली. तुझा खुबा मोडला तेव्हा तुला कोठाराच्या दाराच्या फळीवर झोपवून मी आत ओढत आणली. आणि तू माझ्यासमोर बसून टास्मानियाला पत्रं पाठवलीस. टास्मानियाला! मी इथे चुलीशी उभी होते."

विनीबाई खाली बसल्या. एवढं कोणी त्यांना सुनावलेलं मी पाहिलं नव्हतं.

"मला वाटलं, तू नोकरीला आहेस," त्या म्हणाल्या.

"तशी आहेच मी."

"माझा आजोबाही होता. काल ऐकलंस ना सगळं." त्यांनी समोरची खुर्ची काठीने ढकलून पुढे केली. "बस. शेत तुझ्या नावावर करते. घर, वावरं, कळप, डोंगरावरचा हक्क, सगळं. उद्या केंडलला वकिलाकडे जायचं. मी जिवंत आहे तोवर ती मागची खोली माझी आणि सकाळचा चहा तुझ्याकडे."

नोरीन बसली नाही. "कालच्या रागात बोलू नकोस. बर्कहाऊची जिरवायला मला शेत नको."

"राग काल होता. आज मी वजाबाकी करून आलेय."

"आणि मी आडनाव बदलणार नाही. माझा बाप कीगन होता. खाणीत मेला. त्याचं नाव मी नवऱ्यासाठीसुद्धा टाकलं नव्हतं."

"तुला बदल म्हटलं कोणी? ते तुझं काम नाही आणि माझंही नाही."

"मग?"

"मग काही नाही. बस म्हटलं ना!"

नोरीन बसली, पण मान्य लगेच केलं नाही. त्या दोघींनी दोन तास भांडण केलं. नोरीनची एक अट होती. हेफ्टची कड तिला विनीबाईंनी स्वतः वर येऊन दाखवायची, दगड न् दगड, ओहोळ न् ओहोळ. "खालून काठीने दाखवलेलं चालणार नाही. उद्या कोणी मला विचारलं की कुणी सांगितलं हे तुमचं, तर मी काय सांगू?"

"डॉक्टरांनी डोंगर बंद केलाय," मी म्हटलं.

"डॉक्टरांनी चालणं बंद केलंय," विनीबाई म्हणाल्या. "बसून जायचं बंद केलेलं नाही."

वकिलाने तीनदा विचारलं, नक्की ना? तिसऱ्यांदा विनीबाईंनी त्याला विचारलं, कानात काही बिघाड आहे का. सही झाली. साक्षीदार म्हणून मी सही केली.

नाताळ उलटला. मेंढे कळपातून काढले आणि मेंढ्या परत डोंगरावर सोडायचा दिवस आला. नोरीनने चारचाकी मोटरसायकलला मागे जी मेंढ्या न्यायची लोखंडी गाडी असते, तीत पेंढा पसरला. त्यात विनीबाईंना बसवलं. अंगावर दोन घोंगड्या, डोक्यावर वडिलांची टोपी, हातात काठी. मी मागून चालत होते आणि नर्स म्हणून जे जे सांगायला हवं ते सांगत होते. कोणी ऐकत नव्हतं. कळप पुढे चालला होता, राखाडी पाठी, पांढरी तोंडं, एकही मेंढी इकडेतिकडे न करता.

"तो फुटका खडक दिसतोय?" विनीबाई गाडीतून ओरडत होत्या. "तिथपासून आपलं. ते लाल गवत बर्कहाऊचं. तिकडे आपली मेंढरं जायला लागली तर कुत्रा सोडू नकोस, नुसती पुढे जाऊन उभी राहा. त्यांना लाज आहे."

"हे मला माहीत आहे!"

"माहीत असलं तरी ऐक! मग सांग लोकांना, विनीने सांगितलं."

काळ्या ओहोळापाशी पोचलो आणि नोरीनने गाडी थांबवली. ओहोळाच्या अलीकडे, आमच्या कुशीतल्या सगळ्यात चांगल्या चरणीवर, निळ्या खुणेच्या वीस-पंचवीस मेंढ्या निवांत चरत होत्या. निळी खूण बर्कहाऊची.

"हे कधीपासून?" विनीबाईंनी विचारलं.

नोरीनने खांदे उडवले. "तू पडलीस तेव्हापासून. रोज थोड्या थोड्या जास्त. मी एकदा बोलले त्याला. तो म्हणाला, तुझ्या मालकिणीला पाठव. मी नोकरमाणूस, शेतमालकाशी काय भांडू?"

"आणि आता?"

नोरीन खाली उतरली आणि तिने हातमोजे काढले. वारा बोचत होता. मग तिने दोन बोटं तोंडात घातली आणि शीळ मारली. दोन्ही कुत्री जमिनीला पोट लावून दोन बाजूंनी सुटली. निळ्या मेंढ्यांनी माना वर केल्या, एकमेकींकडे पाहिलं आणि ओहोळाकडे वळल्या. आमच्या मेंढ्या त्यांच्या जागी जाऊन उभ्या राहू लागल्या, जणू घरचेच लोक पाहुणे उठायची वाट बघत होते.

पलीकडच्या उतारावर एक माणूस धावत आला. आयझॅक. एवढ्या लांबून त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण हातवारे दिसत होते, आणि आवाज वाऱ्यावर स्वच्छ आला.

"ए! ए स्केलगार्थ! गाभण मेंढ्यांना पळवतेस? कुत्री आवर आधी!"

मी विनीबाईंकडे पाहिलं. आयुष्यभर या हाकेला त्याच ओ देत आल्या होत्या. त्या घोंगडी गळ्याशी धरून बसल्या होत्या, नजर मेंढ्यांवर. त्यांनी मान वर केली नाही, तोंड उघडलं नाही.

नोरीनने तोंडाभोवती हात धरले. "पळवत नाहीये, बर्कहाऊ! घरी धाडतेय! वाटेतून बाजूला हो!"

आयझॅकने हातवारे थांबवले. मग बाजूला झाला. त्याच्या मेंढ्या ओहोळ ओलांडून त्याच्या पुढ्यातून वर गेल्या, आणि तोही शिव्या देत त्यांच्या मागे गेला.

विनीबाईंनी काठीने गाडीची कड ठोकली. "थांबलीस का? पुढे घे. वरची बाजू राहिलीय अजून."